आम्ही कुठंच जात नाही

त्या दिवशी पाण्याच्या टाकीखाली कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीनं मनचं जोडलं. मी होते, शालन. माझ्या शेजारी फूलमती, सीतापूरकडची, आमच्यात सगळ्यात तोंडाळ. बिलकीस होती, एका शाळेत झाडलोट करणारी. दुर्गावती होती, ती आजारी माणसं सांभाळते. गुड़िया होती, वयानं सगळ्यात लहान, कडेवर तिची पोरगी. आणि समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर सर्वेवाली ऋचा, मांडीवर काचेची पाटी घेऊन, टॅबलेट म्हणतात ती. अशा सहा जणी. गुड़ियाची पोरगी झोपली होती, तिची साक्ष धरू नका.

मी चौथी पास. लिहिता येतं, पण आता हात कापतो. म्हणून मी बोलते आणि लखनौच्या महानगर भागातल्या कुलकर्णी वहिनी इथल्या मराठी लोकांच्या अंकासाठी लिहून घेतात. त्यांच्या घरी मी सव्वीस वर्षं पोळ्या केल्या. माझी बोली आता धड साताऱ्याची राहिली नाही न् धड लखनौचीही झाली नाही. वहिनींना सांगितलंय, सुधारू नका, आहे तशी लिहा.

आमचे हे इथं लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. ते गेले तवा क्वार्टर सुटलं. गावी परत जायचं तर तिथं दीर होता, आणि त्याचं घर म्हणजे त्याचंच घर. मी राहिले. महानगरच्या मागं रेल्वेलाईनीच्या कडेला वस्ती होती, तिथं खोली केली आणि दुसऱ्यांच्या घरी रांधायला लागले. बँकेतले, कंपनीतले, हवाई दलातले, आपले मराठी लोक इथं बदलीवर येतात. पहिल्या महिन्यात त्यांना लखनौचं सगळं आवडतं, दुसऱ्या महिन्यात पोळी आठवते. तवा कुणी तरी माझं नाव सांगायचं.

एक साहेब होते बँकेतले, त्यांना रोज भाकरी लागायची. नुसती नाही, थापताना आवाज ऐकू यायला पाहिजे. आवाज नाही आला तर बैठकीतनं ओरडायचे, "शालनबाई, लाटली काय?" मी मुद्दाम परातीवर दोन थपडा जास्त मारायची. माणूस खूश. एका घरात भाजीला गूळ घातला की नवरा जेवायचा न् बायको उठायची. मी दोन कढया मांडायची न् दोघांना सांगायची, तुमच्यासारखीच केलीय. हे काम नुसत्या हाताचं नाही हो. घरातलं भांडण कुठनं निघतं ते स्वयंपाकघरात आधी कळतं.

पण लोकांना ह्या धंद्यातली खरी गोष्ट माहीत नसते, ती सांगते. आमच्या कामाचा जीव चवीत नाही, वेळेत आहे. पहिलं घर सातला म्हणजे सातला, कारण तिथं आठचा डबा आहे. ते झालं की दुसरं, तिथं पोरांची शाळा. मग तिसरं, तिथं आजोबांची गोळी, जेवणानंतरची. पहिल्या घरी वीस मिनिटं उशीर झाला की चारही घरी उशीर, आणि चारही घरी बोलणी. पहिलं घर सुटलं की पुढची साखळी तुटते. ज्या बाईचं पहिलं घर सांभाळलं तिचा दिवस सांभाळला.

वस्ती होती तोवर मी पायी जायची. मग एक दिवस वस्ती उठवली. सरकारचे लोक म्हणाले, रेल्वेची जागा आहे, तुम्हाला पक्की घरं देतो. दिली. खोटं बोलणार नाही, पक्कीच दिली. चार मजले, नळ, संडास आत. पण कुठं? शहराच्या टोकाला वृंदावन योजना आहे, तिच्याही पुढं, जिथं तवा नुसती धूळ न् खांब होते. घर दिलं न् काम तिथंच राहिलं. माणसाला उचलून नेलं न् त्याचे हात मागं ठेवले, असं झालं ते.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं न् सकाळी सहाची बस सुरू झाली. आमच्या वसाहतीच्या फाटकापासनं गोमती नगरावरनं महानगरपर्यंत. दुपारी तीच परत. त्या बसमध्ये पुरुष मोजून चार-पाच. बाकी सगळ्या आम्ही. कुणी पोळीवाली, कुणी भांडीवाली, कुणी पोरं सांभाळणारी. फूलमती चढता चढता म्हणायची, "सरको मेमसाहब, हमारा भी दफ़्तर है।" आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो, मटार सोलायचो, भांडायचो. त्या बसनं आमच्या हातात आमची कामं परत दिली.

आता कागदाचं सांगते. हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्यासारख्यांच्या दारात कागदवाला आला की काही तरी कापलं जातं. हे मी रागानं नाही, अनुभवानं सांगते. एकदा रेशनची तपासणी आली. त्यानं बिलकीसला विचारलं, पोरगा काय करतो? ती बिचारी अभिमानानं म्हणाली, "गाड़ी चलाता है।" पोरगा दुसऱ्याची गाडी चालवतो, ड्रायव्हर आहे. कागदावर लिहिलं गेलं, घरात चारचाकी आहे. रेशन बंद. सहा महिने ती दारोदार सांगत फिरली की बाबांनो, गाडी मालकाची आहे. पुढं दुसरी तपासणी आली, खोल्यांची. दुर्गावतीनं खरं सांगितलं की आठवड्यातले पाच दिवस मी एका म्हाताऱ्या बाईपाशी झोपायला जाते, ती अंथरुणाला खिळलेली आहे. झालं. दारावर नोटीस लागली, ह्या खोलीत कुणी राहत नाही. खोली गेली. आता ती नणंदेच्या दारात पडून असते.

मग मी शिकले. आणि शिकले तशी सगळ्यांना शिकवलं, कारण मला चार अक्षरं येत होती न् बायका माझं ऐकायच्या. मी नियमच करून टाकला. कागदवाला आला तर घरात काय आहे ते सांगायचं नाही, न् आपण कुठं जातो तेही सांगायचं नाही. विचारलं तर एकच, हम तो घर पे रहते हैं.

मग आली ऋचा. पोरगी चांगली होती, उगाच वाईट म्हणणार नाही. उन्हात तापलेली, ओढणीनं तोंड बांधलेली. म्हणाली, शहरात लोक कुठनं कुठं जातात, कशानं जातात, ह्याचा अभ्यास आहे. बाहेरच्या गावाहून आलेले लोक कुठं राहतात न् कुठं कामाला जातात, ते बघायचंय. त्यांच्यात एक शब्द आहे, फेरी. घरातनं निघालं न् कुठं तरी पोचलं की एक फेरी. तिथनं पुढं गेलं की दुसरी. तशा माझ्या दिवसाला पाच फेऱ्या होत होत्या.

तिनं पाटीवर बोट ठेवलं न् आधी फूलमतीला विचारलं, "कल सुबह घर से निकलकर सबसे पहले कहाँ गई थीं?"

फूलमती नुकती बसमधनं उतरलेली. हातात पिशवी, पिशवीत मालकिणीनं दिलेली शिळी कचोरी, वास सुटलेला. ती म्हणाली, "कहीं नहीं। घर पे थे।"

"और अभी कहाँ से आ रही हैं?"

"बहिन के यहाँ से।"

"रोज़ जाती हैं?"

"बहिन बीमार है।"

ऋचानं बिलकीसकडं बघितलं. बिलकीस म्हणाली, "हमारी भी बहिन बीमार है।" दुर्गावतीला खोकल्यात हसू आलं. ऋचालाही आलं. "इस कॉलोनी में सबकी बहनें बीमार हैं क्या?" फूलमती म्हणाली, "पानी खराब है बिटिया, लिख लो।"

आम्ही हसलो. मला आज त्या हसण्याची लाज वाटते.

मग ऋचा माझ्याकडं वळली. आवाज हळू केला. "आंटी, नाम नहीं लिखती हूँ मैं। किसी का कुछ नहीं कटेगा। आप सच बोलेंगी तो बाकी भी बोलेंगी।"

नाव लिहीत नाही, हे मला आधीही दोघांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "बेटा, मैं तो बूढ़ी हूँ, कहाँ जाऊँगी?"

तवा गुड़िया बोलली. तिला गोमती नगरात नवीन काम लागलं होतं, बाराव्या मजल्यावर, नवरा-बायको दोघं नोकरीवाले. तिचं पहिलंच चांगलं घर. तिला ते सगळ्या जगाला सांगायचं होतं. ती म्हणाली, "दीदी, हम तो छह बजे वाली बस से—"

मी तिच्या मांडीला चिमटा घेतला. साधा नाही, पिळून. ती खाली मान घालून म्हणाली, "हम भी घर पे रहते हैं।"

ऋचानं माझा हात बघितला, मला माहीत आहे बघितला. तिनं पाटीवर बोट फिरवलं न् पुढचा प्रश्न काढला. जिथं बाया नव्हत्या तिथं नवऱ्यांना विचारलं. नवरे काय सांगणार? "वो तो घर पे ही रहती है।" बायको दुसऱ्याच्या घरी कामाला जाते हे सांगताना पुरुषाची जीभ जड होते. तिच्या पगारानं जेवताना होत नाही.

पावसाळा सरला न् एका सकाळी आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो, बस आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, बंद केली. गाडी दुसऱ्या रस्त्याला लावली, मॉलकडं.

मी आणि गुड़िया बसच्या ऑफिसात गेलो. तीन टेबलांवर फिरवलं न् चौथ्या टेबलाचा साहेब बोलला. त्यानं एक जाड वही काढली, ऋचाच्याच सर्वेची, न् त्यातला एक नकाशा आमच्यापुढं फिरवला. शहरभर रेघा काढलेल्या, कुठनं किती माणसं कुठं जातात त्याच्या. पुरुषांच्या एका रंगाच्या, बायकांच्या दुसऱ्या. आमच्या वसाहतीतनं पुरुषांच्या रेघा निघाल्या होत्या. बायकांची जागा पांढरी. चौथी पास बाईला नकाशा काय कळणार असं त्याला वाटलं असेल. पांढरी जागा कुणालाही कळते.

तो म्हणाला, "अम्मा, आपके यहाँ की लेडीज़ तो निकलती ही नहीं हैं।"

मी म्हटलं, "साहब, तो मैं कौन हूँ?"

"आप तो शिकायत करने आई हैं।"

"बस भरी जाती थी। कंडक्टर से पूछिए।"

तर म्हणाला, तिकिटं निम्मीच निघत होती. निघणारच. कंडक्टर कधी तिकीट फाडायचा, कधी नुसता पैशाला हात पुढं करायचा. म्हणजे तिथंही आम्ही निम्म्याच होतो. मला फार राग आला. डोळ्यांसमोर दोन बायका उभ्या आहेत, पहाटेपासनं पायपीट करून आलेल्या, पायाला धूळ. आणि माणूस वहीत बघून सांगतो की तुम्ही निघतच नाही! त्याला गाडी मॉलकडं लावायचीच होती, त्याला फक्त कारण पाहिजे होतं. ते कारण मी त्याच्या हातात दिलं होतं. मला राग कुणाकुणाचा यावा ते कळेना.

बस गेल्यावरचा रस्ता ऐका. आधी ई-रिक्शानं तेलीबागच्या चौराह्यापर्यंत. ती भरल्याशिवाय हलत नाही. तिथनं टेम्पोनं, म्हणजे वाटून जायच्या मोठ्या रिक्षानं, चारबाग स्टेशन. चारबागहून दुसरा टेम्पो. तीन ठिकाणी उभं राहा, तीन ठिकाणी ढकलाढकली करा. मी कुलकर्णी वहिनींना सांगितलं, मला आता वेळेत पोचणं जमत नाही. त्या म्हणाल्या, "दहाला ये. आम्ही दोघं म्हातारी, कुठं पळायचंय?" मी बाकीची तीन घरं सोडली. माझं वय झालं होतं, माझं भागलं.

गुड़ियाचं कसं भागावं? तिच्या मॅडमला साडेआठला निघायचं असायचं. गुड़िया चारला उठायची, पोरीला सासूच्या कुशीत ढकलायची, अंधारात निघायची. कधी पावणेसातला पोचायची न् गेटवर बसून राहायची. कधी पावणेआठ व्हायचे. त्या इमारतीच्या गेटवरनं मालकिणीच्या मोबाईलवर वेळ पडते, बाई किती वाजता आत आली ती. मॅडमनं तो मोबाईल तिच्यापुढं धरला. "देखो, सात चालीस। कल सात बत्तीस। सात मतलब सात, गुड़िया।"

गुड़िया म्हणाली, "मैडम, बस बंद हो गई है।"

"बस का मैं क्या करूँ?"

खरं आहे, मॅडम बसचं काय करणार? त्यांच्या इमारतीखाली दोन गाड्या उभ्या. पण बाई, एकदा तरी विचारावं, तू येतेस कुठनं? पाच महिने त्या पोरीच्या हातचं जेवल्या, तिचं घर कोणत्या दिशेला आहे ते ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात गुड़ियाचं काम गेलं. ती संध्याकाळी माझ्या दारात आली. रडली नाही. चौकटीला टेकून म्हणाली, "अम्मा, उस दिन बोलने देतीं तो?"

मी चहा ठेवला.

आता ती चिकनचं काम करते, म्हणजे इथलं कापडावरचं भरतकाम. ठेकेदार कापड टाकून जातो, ती दारात उजेडाला बसून टाके घालते, डोळे बारीक करून. काम सुंदर करते. पण बाराव्या मजल्यावर जे मिळायचं त्याच्या पासंगालाही ते पुरत नाही, आणि पोरीची शाळा सुटली. आता कुणी मोजायला आलं तर गुड़िया खरंच घरी सापडेल. कागद खोटा होता. त्यांनी कागद नाही बदलला, गुड़ियालाच त्या कागदासारखी करून टाकली.

ऋचानं तवा नंबर दिला होता. मी फोन लावला न् म्हटलं, ये. ती आली, स्कूटीवर. मी गुड़िया, फूलमती सगळ्यांना बोलावलं न् म्हटलं, आता लिही. आम्ही सहाच्या बसनं जात होतो. मी चार घरी, फूलमती तीन घरी. खोडून लिही.

ती म्हणाली, "वो फ़ॉर्म बंद हो गया, आंटी। रिपोर्ट जमा हो गई।"

"पण तुला तवा दिसत होतं ना? आम्ही बसमधनं उतरताना तू तिथंच होतीस. माझा चिमटा बघितलास तू." हे मी मराठीतच म्हटलं, रागात हिंदी सुचली नाही. पण तिला कळलं.

"आंटी, हम जो दिखता है वो नहीं लिख सकते। जो बताया जाता है, वही लिखते हैं।"

"मग डोळे कशाला दिलेत देवानं?"

ती म्हणाली, चूक तिचीही आहे. तिनं वर सांगायला पाहिजे होतं की ह्या बायका भितात, ह्यांचं उत्तर धरू नका. तिनं नाही सांगितलं. तिला दिवसाला ठरावीक घरं पुरी करायची असायची. आमची घरं पुरी झाली होती. मला तिची दया आली न् रागही गेला नाही. दोन्ही एकदम राहतं पोटात.

फूलमतीनं आमच्या मालकलोकांचं विचारलं, "कोठी वालों से भी पूछती हो क्या, दीदी?"

ऋचा म्हणाली, "पूछते हैं। घर में कितने लोग, कितनी गाड़ियाँ, कौन कहाँ जाता है।"

"और उनके यहाँ कौन आता है?"

ऋचानं मान हलवली. तो प्रश्न फॉर्मात नाही.

तवा मला आठवलं. हेच लोक महानगरला कुलकर्णी वहिनींकडंही आले होते. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर वहिनी सांगत होत्या, "हम दो लोग हैं, एक गाड़ी है, बाहर कम ही जाते हैं।" दाराच्या अलीकडं दोन, पलीकडं मी. मला वगळलं गेलं ते मी माझ्या कानानं ऐकलं न् तव्यावरची पोळी उलटली.

इथं वहिनींनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, "शालन, मी असं म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं, वहिनी."

"मला सांगायचंस ना तेव्हा."

"तुम्हाला विचारलं नव्हतं त्यांनी. मला तर नाहीच नाही."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "लिहू हे?" मी म्हटलं, लिहा. लिहिताहेत.

ऋचा म्हणते, पुढच्या साली पुन्हा मोजणी आहे, आणि कोण येतं हे कुणी आपणहून सांगितलं तर खाली शेरा म्हणून तिला लिहून घेता येतं. वसाहतीत मी आता घरोघर फिरते न् उलटं शिकवते, खरं सांगा. पण बायका माझ्याकडं बघतात न् म्हणतात, अम्मा, तुम्हीच तर म्हणाला होतात. बिलकीस तर तोंडावर म्हणाली, "पहले मेरा राशन चालू करवा दो, फिर सच बोलूँगी।" तिचं काय चुकलं? भीती घालायला मला एक चिमटा पुरला, काढायला जन्म पुरायचा नाही.

म्हणून तुम्हाला मागते. हा अंक वाचणारे तुम्ही महानगरात, गोमती नगरात, कॅन्टोन्मेंटात राहता. तुमच्या दारात ते लोक पाटी घेऊन येतील. तुम्हाला खरं सांगायची भीती नाही, तुमचं रेशन कुणी कापत नाही, तुमच्या दारावर नोटीस लागत नाही. घरात माणसं किती, गाड्या किती, हे सांगून झालं की आणखी एक सांगा. आमच्याकडं एक बाई येते. ती अमक्या ठिकाणाहून निघते, इतक्या वाजता, इतकी वाहनं बदलते. त्यांनी नको म्हटलं तरी लिहायला लावा.

आणि हे सांगता यावं म्हणून उद्या सकाळी ती आली की तिला विचारा, कुठनं येतेस.